परत पाठवलेलं अक्षर

माझी मोठी बहीण प्रेमिला सातपुडा कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात लागली तेव्हा नागपूरच्या इंदोरा वस्तीतल्या आमच्या गल्लीत कॉम्प्युटर हा शब्दही नीट कुणाला उच्चारता येत नव्हता. आमचे बाबा, दादाजी गजघाटे, आयुष्यभर मिलमध्ये राबलेले. छप्पन साली दीक्षेच्या गर्दीत उभे राहिले, तेव्हा आईच्या पोटात ताई होती. ही पोरगी शिकणार असं त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं म्हणे. ताई स्टॅटिस्टिक्स घेऊन बी.एस्सी. झाली आणि नोकरीला लागली, तर बाबा रस्त्यात भेटेल त्याला सांगत सुटले, "माही पोरगी मशीनले हिशेब शिकवते."

मी रविंद्र, तिचा धाकटा भाऊ. बर्डीवरच्या एका छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायचो. ताईचं काम मला कळावं असं काही माझं शिक्षण नव्हतं. पण ती घरी येऊन जेवताना सगळं सांगायची, म्हणून जे घडलं ते मला पहिल्यापासून माहीत आहे.

सातपुडा ही हिंगणा रोडवरची मोठी कंपनी. खाणींना लागणारी अवजड यंत्रं बनवायची. कॉम्प्युटरची खोली थंडगार, आत जाताना चपला बाहेर काढायच्या. विभागाचे साहेब केशवराव काळीकर, महाल भागातले, वागायला मऊ माणूस. मुलाखतीत एकानं ताईला तिरकस काही विचारलं तर काळीकरांनीच त्याला गप्प केलं होतं. ताई त्यांना फार मानायची.

त्या काळी प्रोग्रॅम बाजारात सहज मिळत नसत. देशात जिथं जिथं त्याच प्रकारची मशीन होती, त्या कॉलेजांनी आणि कारखान्यांनी मिळून एक मंडळ केलेलं होतं. एकानं प्रोग्रॅम लिहिला की टेपवर भरून तो टपालानं सगळ्यांना जायचा. पैसे नाहीत. फक्त प्रोग्रॅमच्या माथ्यावर चार ओळी असायच्या: लिहिणाऱ्याचं नाव काढू नका, विकू नका, दुरुस्ती केलीत तर सगळ्यांना परत पाठवा.

काळीकरांनी ताईला बोलावून सांगितलं, "प्रेमिलाबाई, बाहेरून येणारी प्रत्येक टेप तुमच्या हाताखालून जाईल. वरच्या ओळी वाचायच्या. त्यात जे लिहिलंय ते आपण पाळायचं. आणि इथं काही सुधारलं गेलं तर ते परत पाठवायचं. एवढी मोठी कंपनी नुसती घेत राहिली तर शोभत नाही."

त्या दिवशी ताई अशी खुशीत आली की बाबांनी विचारलं, "काय वं, पगार वाढला काय?"

"नाही बाबा. समजा, साऱ्यांची एक विहीर आहे. पाणी कोणीबी न्या. पण गाळ काढायले साऱ्यांनी यायचं. आमच्या कंपनीकडून गाळ काढायले कोण जाते, तं मी."

"साऱ्यांची विहीर?" बाबांनी विचारलं. "मंग चांगलंच काम आहे."

पुढे कंपनीत पगाराच्या चिठ्ठ्यांवरून तक्रार सुरू झाली. चिठ्ठ्या कॉम्प्युटरवर निघायच्या, इंग्रजीत. कामगारांना त्या वाचता येत नसत. काय कापलं, काय राहिलं, काही कळायचं नाही. युनियननं मराठी चिठ्ठी मागितली. काळीकरांनी ताईला मंडळाच्या टेपा धुंडाळायला लावलं, आणि तिला एक प्रोग्रॅम सापडला. चंद्रपूरकडच्या एका कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक अनंत हरकरे यांनी लिहिलेला. तो ठिपक्याठिपक्यांनी नागरी अक्षरं छापायचा, रांगोळी काढावी तशी.

पहिली चिठ्ठी निघाली ती देवराव नावाच्या फिटरची. तो ती घेऊन थेट कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारात आला. चपला काढल्या आणि आत न येता बाहेरूनच म्हणाला, "बाई, हे माहं नाव नाही."

चिठ्ठीवर छापलं होतं, पिंपलशेंडे. हरकऱ्यांनी अक्षरं हिंदीसाठी केली होती, त्यात ळ नव्हता. देवराव पिंपळशेंडेचं झालं पिंपलशेंडे, कुणा काळेचा झाला काले. आणि बिऱ्हाडे नावाचा एक वेल्डर होता, त्याचा तर र उडून रफार होऊन डोक्यावर जाऊन बसला होता.

ताईनं मला विचारलं, "रवी, तुह्या छापखान्यात हा बिऱ्हाडेतला र कसा लावतात गा?"

मी तिला रविवारी छापखान्यात नेलं. र चा तो आडवा, विळ्यासारखा तुकडा चिमट्यानं उचलून दाखवला, पुढच्या अक्षराला कुठं भिडवायचा तेही दाखवलं. तिनं त्याचे ठसे काढून घेतले. मग कितीतरी संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघराच्या फरशीवर चौकटीचे कागद पसरलेले असायचे आणि ताई पोटावर पडून त्यात ठिपके भरायची. आई म्हणायची, "लग्नाच्या पोरीनं असं लोळावं काय?" आणि तीच पुन्हा चुलीपाशी बसून ळ चं पोट फार फुगलं म्हणून सांगायची. आईला अक्षरं बाबांनी शिकवली होती.

मधल्या काळात ताईनं हरकऱ्यांना पत्र टाकलं. युनिव्हर्सिटीत पेपर तपासायला आले असताना ते आमच्याकडे आले. ठेंगणे, जाड भिंगांचा चष्मा, सदऱ्याला शाईचा डाग. आधी माझ्या छापखान्यात गेले, तो र चा खिळा तळहातावर घेऊन बराच वेळ उलटासुलटा केला, मग घरी येऊन पाटावर बसले. आईनं वडाभात केला होता. तो त्यांनी मागून घेतला.

"मला ळ सुचलाच नाही पाहा," ते म्हणाले. "मराठी माणूस, आणि ळ विसरलो. आमच्या मशीनवर पहिल्यांदा हिंदीवाल्यांना हवं होतं, त्याच घाईत केलं. प्रेमिलाबाई, तुमचं झालं की मला पाठवा. तुमचं नाव माझ्या खाली लिहा. आणि या रविंद्ररावांचंही."

माझं नाव कॉम्प्युटरमध्ये! मी त्या रात्री झोपलो नाही.

काम पुरं झाल्यावर ताईनं काळीकरांना विचारलं, टेप परत पाठवू का. ते दुसऱ्याच कशात गुंतलेले होते. मान वर न करता म्हणाले, "पाठवा की. विचारता काय त्यात?" ताईनं टेप हरकऱ्यांना पाठवली. पुढच्या महिन्यात चिठ्ठ्या निघाल्या, देवरावला त्याचा ळ मिळाला आणि त्यानं ताईला संत्री आणून दिली. तेवढे काही महिने आमच्या घरात फार आनंदाचे गेले.

मग कंपनीच्या वरच्या साहेबांनी त्या चिठ्ठ्या पाहिल्या. मराठीत छापणारा प्रोग्रॅम सरकारी कचेऱ्यांना हवा होता, साखर कारखान्यांना हवा होता. कंपनीनं विक्रीसाठी एक वेगळा विभाग उघडला. काळीकरांनी ताईला केबिनमध्ये बोलावलं. हे सगळं बोलणं तिनं आम्हाला जसंच्या तसं सांगितलं होतं.

"वरच्या ओळी काढाव्या लागतील," ते म्हणाले.

"कोणत्या ओळी, सर?"

"तुम्हाला माहीत आहेत कोणत्या."

"पण प्रोग्रॅम हरकरे सरांचा आहे. आपण अक्षरं घातली फक्त."

"त्यात तुमचंही नाव आहे. तेही जाईल. मी काही एकट्या हरकऱ्यांचंच काढायला सांगत नाही."

"सर, विकायचं असेल तर त्यांना विचारा ना. मंडळाला विचारा. कदाचित हो म्हणतील."

"आणि नाही म्हणाले तर?" काळीकरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "प्रेमिलाबाई, हे मी ठरवलेलं नाही. मला वरून सांगितलंय. माझ्या नोकरीची थोडीच वर्षं राहिलीत. मुलीचं लग्न व्हायचंय."

"तुम्हीच मले सांगितलं होतं, ओळी पाळायच्या," ताई म्हणाली. साहेबांशी ती नेहमी शुद्ध बोलायची, त्या वेळी तिचं भान राहिलं नाही.

"सांगितलं होतं," ते म्हणाले. "तेव्हा कुणी विकायला काढलं नव्हतं."

ताईनं ओळी काढल्या नाहीत. काळीकरांनी स्वतः बसून त्या काढल्या आणि तिथं कंपनीचं नाव घातलं. ताईनं हरकऱ्यांना लगेच कळवलं. त्यांचं उत्तर आलं की नाव गेलं तर जाऊ द्या, अक्षरं छापली जाताहेत ना, तुम्ही नोकरी सांभाळा. ते उत्तर वाचून ताईला थोडं हायसं वाटलं. आपल्यापेक्षा त्यांचं मन मोठं आहे, असं ती म्हणाली.

प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण कंपनीचा विक्रीवाला एका साखर कारखान्यात गेला आणि तिथल्या लोकांनी त्याला हसून परत पाठवलं. हे तर आमच्याकडे आहे, म्हणाले, चंद्रपूरकडच्या कॉलेजातून आलंय, फुकट. त्यानं छापलेला नमुना आणला. त्यात ळ होता, बिऱ्हाडेतला र होता, आणि ठिपका न् ठिपका कंपनीच्या प्रोग्रॅमसारखा. असणारच. ते ठिपके आमच्या फरशीवर मांडलेले होते आणि ताईनंच ते हरकऱ्यांना पाठवले होते.

कंपनीच्या वकिलाची नोटीस कॉलेजला गेली. तुमच्या प्राध्यापकानं आमचा माल चोरून वाटला, नुकसान भरून द्या. ज्या माणसानं तो प्रोग्रॅम जन्माला घातला त्याच्यावरच चोरीचा आळ.

हरकरे नागपूरला आमच्या घरी आले. या वेळी बसलेच नाहीत. दारातच उभे राहून म्हणाले, "प्राचार्यांनी माझ्याकडून कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली काढून घेतली. वर्गापुढे शिपाई पाठवून. मी मंडळातल्या सगळ्यांना लिहिलं की माझा जुना प्रोग्रॅम तुमच्याकडे आहे, तेवढं सांगा. कुणी पुढे यायला तयार नाही. ज्याला त्याला आपापल्या संस्थेची भीती आहे. तुम्ही येऊन प्राचार्यांना खरं काय ते सांगाल?"

"येते ना सर," ताई लगेच म्हणाली. "उद्याच येते."

बाबा म्हणाले, "मी बी चालतो." ताईनं त्यांना थांबवलं आणि मला सोबत घेतलं.

एस.टी.तून जाताना ताई काय काय बोलायचं ते मनाशी जुळवत होती. तिला खात्री होती. आपण खरं सांगितलं की झालं, असं तिला वाटत होतं, आणि मलाही तेच वाटत होतं.

प्राचार्य टेबलामागे बसलेले, शेजारी एक कारकून लिहून घ्यायला. हरकरे भिंतीशी खुर्चीवर. ताईनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. मंडळ, वरच्या ओळी, देवरावचं नाव, सगळं. प्राचार्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "हरकऱ्यांचा जुना प्रोग्रॅम त्यांचाच असेल, त्याबद्दल कंपनी काही म्हणत नाही. प्रश्न या ळ चा आणि या र चा आहे. ती अक्षरं कुणी केली?"

"मी केली सर."

"कंपनीच्या पगारावर असताना?"

"हो. पण घरी बसून."

"कंपनीच्या मशीनवर चालवून पाहिली?"

"हो."

"ती बाहेर द्यायला कंपनीनं लेखी परवानगी दिली होती?"

"लेखी नाही. साहेब तोंडीच सांगायचे. आम्ही नेहमीच पाठवत होतो सर, तसा नियमच होता मंडळाचा."

"म्हणजे तुम्ही दिलं, आणि यांनी घेतलं आणि पुढे वाटलं. बरोबर?"

ताईनं हरकऱ्यांकडे पाहिलं. त्यांना बहुधा तिच्या आधीच कळलं होतं. ते डोळे मिटून बसले होते.

"सर, तो काही चोरीचा माल नाही. त्यांचंच होतं. मी नीट करून त्यांचं त्यांना परत दिलं."

"पण दिलं," प्राचार्य म्हणाले. "घ्या लिहून."

आम्ही बाहेर पडलो तर हरकरे पायऱ्यांपर्यंत आले. ताई सारखी म्हणत होती, "सर, मी चुकीचं बोलली काय? काय बोलायले पाहिजे होतं?" ते म्हणाले, "नाही हो. तुम्ही खरंच बोललात." आणि आम्हाला चहा पाजायचा म्हणून खिसे चाचपू लागले. आम्ही चहा घेतला नाही.

आठवडाभरात ताईचा तो जबाब कंपनीत पोचला. कॉलेजनं आपली मान सोडवून घेण्यासाठी तो वकिलाकडे पाठवून दिला होता. ताईवर चौकशी बसली. चौकशीत काळीकरांना विचारण्यात आलं, तुम्ही टेप पाठवायला सांगितलं होतं का? ताई म्हणते, ते टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर पाहू लागले. मग म्हणाले, "मला आठवत नाही." नाही म्हणाले असते तर ती भांडली असती. आठवत नाही म्हणणाऱ्याशी काय भांडणार?

कंपनीचा कामगार अधिकारी तिला म्हणाला, "तुम्हा लोकांना इतक्या भरवशाची जागा दिली, आणि तुम्ही हे केलंत." हे वाक्य ताईनं बाबांना सांगितलं नाही. मला सांगितलं, तेही फार उशिरा.

युनियननं मध्ये पडून तिची नोकरी वाचवली, पण कॉम्प्युटर विभाग सुटला. खाप्याला कंपनीचं गोदाम होतं, कन्हान नदीच्या अलीकडे, तिथं तिची बदली झाली. पत्र्याचं छप्पर, गंजलेले सुटे भाग, आणि दिवसातून एखादा ट्रक. सकाळच्या एस.टी.नं जायची, अंधार पडल्यावर यायची. जेवताना आता ती काही सांगत नसे. बाबाही कुणाला काही सांगत नसत. गल्लीतल्या कुणी विचारलंच तर "आहे तिकडे" म्हणून विषय बदलायचे. माझ्या मित्राच्या ओळखीनं तिच्यासाठी बँकेत जागा निघाली होती, कॉम्प्युटरचीच. मी अर्ज आणून दिला. तिनं तो भरला नाही. "मले आता त्या खोलीत बसवत नाही गा," एवढंच म्हणाली.

मंडळही हळूहळू मेलं. सातपुडानं जे केलं ते सगळीकडे पसरलं होतं. टेप पाठवावी तर उद्या कोण नोटीस देईल याची भीती, आणि पाठवली नाही तर निदान कोणी विचारत तरी नाही. एकेकानं पाठवणं बंद केलं. कंपनीनं कॉलेजवरचा दावा वर्षभरानं गुपचूप मागे घेतला. का घेतला ते कुणी सांगितलं नाही. हरकऱ्यांवरचा आळ खोटा होता असं मात्र कुठंही, कुणीही म्हटलं नाही. त्यांना पुन्हा किल्ली मिळाली नाही. फळ्यावर गणित शिकवायचे आणि घरी जायचे.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात कळलं की हरकऱ्यांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांना नागपूरला धंतोलीतल्या एका दवाखान्यात आणलंय. ताईनं त्या दिवशी खाप्याला दांडी मारली. मला म्हणाली, "चाल."

दवाखान्याच्या अरुंद जिन्यात, गडचिरोलीपासून वाशिमपर्यंतच्या लोकांच्या गाठोड्यांतून वाट काढत आम्ही वर गेलो. खोलीबाहेर बाकावर एक बाई बसल्या होत्या. त्या अरुंधतीबाई, हरकऱ्यांच्या पत्नी. आम्ही त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ताईनं नाव सांगितलं तशा त्या उठून उभ्या राहिल्या, दाराला पाठ लावून.

"तुम्ही प्रेमिलाबाई," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "हे तुमच्याबद्दल फार बोलायचे. तुमच्या आईच्या हातच्या वडाभाताचंही सांगायचे."

"सर कसे आहेत?"

"उजवी बाजू गेली. बोलणं कळत नाही. डॉक्टर म्हणतात, त्यांना कशाचीही आठवण करून देऊ नका."

"मी काही बोलत नाही. नुसतं दारातून पायते."

अरुंधतीबाई बाजूला झाल्या नाहीत. "तुम्ही चांगल्या आहात हो," त्या म्हणाल्या. "मला ते माहीत आहे. तुम्ही खरं बोलायला आलात, दुसरं कोणी आलं नाही. पण त्या दिवशी तुम्ही आला नसतात तर यांच्यावरचा आळ नुसता आळ राहिला असता. तुम्ही येऊन तो कबूल केल्यासारखं झालं. मी त्याचा दोष तुम्हाला देत नाही. पण आता येऊ नका."

आतून काहीतरी आवाज आला, घशातला, शब्द नसलेला. अरुंधतीबाई वळून आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

ताई जिन्यापाशी उभी राहिली. खालून स्ट्रेचर येत होतं, तिला सरकता येईना, वॉर्डबॉय ओरडला तेव्हा मी तिला हाताला धरून भिंतीशी घेतलं. खाली रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं. मी उसाचा रस घेऊ म्हटलं तर तिनं ऐकलंच नाही.

"बरोबर बोलल्या त्या," ती म्हणाली. "मी ओळी पाळल्या नसत्या, तं सर आज बरे राहिले असते."

"असं काहून म्हणून राहिली ताई? चोरी त्यांनी केली. कंपनीनं."

"कंपनीले काय झालं? काळीकर साहेबाले काय झालं?" ती माझ्याकडे पाहून विचारत होती, खरंच उत्तर हवं असल्यासारखं. "सांग ना. कोणाले काय झालं?"

आम्ही चालत स्टॅण्डपर्यंत आलो. खाप्याची दुपारची गाडी लागली होती. अर्ध्या दिवसाची तरी हजेरी लागेल म्हणून ती तीत जाऊन बसली. मी खिडकीखाली उभा होतो, गाडी सुटेपर्यंत. तिनं मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरली होती आणि समोरच्या सीटच्या पाठीकडे पाहत होती.

हरकरे त्या दुखण्यातून उठले नाहीत, गेलेही नाहीत. अरुंधतीबाई त्यांना घेऊन रायपूरला भावाकडे गेल्या. त्यांचा पत्ता ताईनं कधी कुणाकडे मागितला नाही.